उसाच्या फडातला झॉम्बी : हैतीच्या लोककथेवर कृष्णधवल लघुपट कसा करावा

झॉम्बी म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो माणसं फाडून खाणारा, झुंडीने अंगावर येणारा मुडदा. हा प्रकार रुळला तो १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून, आणि हैती या कॅरिबियन देशाशी त्याचं नातं जेमतेम आहे. हैतीच्या लोककथेतला झॉम्बी कुणाला चावत नाही, त्याची लागणही होत नाही. बोकोर, म्हणजे पैसे घेऊन करणी करणारा मांत्रिक, माणसाला मेल्यागत करतो, पुरल्यावर रात्री थडगं फोडून त्याला बाहेर काढतो आणि त्याची इच्छाशक्ती काढून घेऊन त्याला शेतात राबवतो. ज्या देशाने गुलामांच्या उठावातून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवलं, तिथे याहून भयंकर काय असणार? मरणानेही सुटका होत नाही, मुकादम तिथेही पोचतो.

तेव्हा लिहायला बसण्याआधी एवढं ठरवून टाका : तुमचा झॉम्बी खलनायक नाही, मजूर आहे. प्रेक्षकाला त्याची कीव यावी आणि भीती वाटावी ती त्याला राबवणाऱ्याची. मेकअप, चाल, उजेड, आवाज यांबद्दलचे बहुतेक प्रश्न इथून सुटतात. पुढचं सगळं दहा-बारा मिनिटांच्या लघुपटाचा अंदाज धरून दिलं आहे : तीन मुख्य पात्रं, चार-पाच झॉम्बी, एक कॅमेरा, दोन-तीन एलईडी दिवे आणि चार रात्रींचं काम.

कृष्णधवल का? कमी खर्चात जागा आणि काळ लपतो हे एक. पण खरं कारण मिठाच्या शॉटमध्ये आहे, त्याकडे नंतर येऊ.

गोष्ट

विल्यम सीब्रुक या अमेरिकन लेखकाने १९२९ मध्ये छापलेल्या एका हकिगतीत मुकादम झॉम्बींची टोळी 'हास्को' या साखर कंपनीच्या कामावर आणतो. टोळीचं जेवण बिनमिठाचं. सणाच्या दिवशी मुकादमाच्या बायकोला कीव येते आणि ती त्यांना गोड वड्या खाऊ घालते. त्या वड्यांतल्या दाण्यांना मीठ असतं. मीठ जिभेला लागताच आपण मेलेलो आहोत हे त्यांना कळतं, आणि ते उठून आपापल्या डोंगरातल्या गावांकडे, थडग्यांकडे चालू लागतात.

ही पात्रं आणि हे शब्द उचलू नका. मीठ खाल्लं की झॉम्बी जागा होतो, ही समजूत मात्र लोककथेची आहे आणि ती कुणीही वापरावी. काम, अळणी जेवण, मीठ, परत जाणं, या चार टप्प्यांवर बारा मिनिटं आरामात उभी राहतात. काळ १९२० च्या दशकातला धरा. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकेच्या ताब्यात होता, आणि त्या काळात सैन्याने रस्त्यांच्या कामावर लोकांना सक्तीने जुंपलं होतं. एका फ्रेममध्ये दोरीने बांधलेले मजूर रस्त्यावरून जाताना दिसले तरी पुरे, संवादात इतिहास सांगायला नको.

संहितेत हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली, टाचण्या टोचलेली बाहुली. ती व्हूडूचा, म्हणजे हैतीच्या लोकधर्माचा, गाभा नाही. चित्रपटांनी आणि पर्यटकांच्या दुकानांनी ती त्याला चिकटवली. दुसरी, सगळ्या व्हूडूला काळी जादू ठरवणं. हुंगान म्हणजे पुजारी, मांबो म्हणजे पुजारीण. आजारपणापासून मर्तिकापर्यंत लोक त्यांच्याकडे जातात, आणि २००३ साली हैती सरकारने व्हूडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यताही दिली. बोकोर निराळा, 'दोन्ही हातांनी काम करणारा' असं त्याच्याबद्दल म्हणतात. कथेत एखादी मांबो चांगल्या बाजूला उभी केलीत तर हा फरक न सांगता कळतो.

तिसरी चूक विषाची. वेड डेव्हिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडलं की फुगा माशातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विष माणसाला मेल्यासारखं करत असावं. पुढे त्याच्या भुकटीच्या नमुन्यांमध्ये हे विष नगण्य सापडल्याचं इतर संशोधकांनी दाखवलं आणि वाद झाला. तेव्हा पडद्यावर भुकटी दाखवा, तिचं रसायनशास्त्र नको. बोकोर उंबरठ्यावर भुकटी टाकतो आणि सकाळी घरातला माणूस अनवाणी तिच्यावरून जातो, एवढा शॉट पुरतो. भुकटी म्हणून मक्याचं पीठ आणि थोडा कोळसा वापरा. 'खरं वाटावं' म्हणून बांधावरचा धोतरा तोडून आणण्याचा मोह टाळा. हैतीच्या कथांत धोतऱ्याच्या जातीची वनस्पती येते हे खरं, पण तिचं बी आणि पान विषारी असतं आणि सेटवरचं प्रॉप कुणाच्या हातातून कुणाच्या तोंडात जाईल याचा नेम नसतो.

माणसं आणि जागा

हैतीची माणसं आफ्रिकी वंशाची. कलाकाराला काळं फासून हैतियन करू नका. ते वाईट दिसतं आणि अपमानकारकही आहे. पुण्या-मुंबईत आफ्रिकी देशांतले बरेच तरुण शिकायला आहेत, त्यांच्यातल्या नाटक-नृत्य करणाऱ्यांना विचारा. विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही, म्हणून कामाचं स्वरूप आधी जाणकाराकडून तपासून घ्या. संवाद कमीत कमी ठेवा. झॉम्बी बोलत नाही, आणि निवेदन मांबोच्या तोंडी मराठीत चालतं. एकच हैतियन रिवाज जरूर घ्या : परक्याच्या अंगणात शिरताना पाहुणा 'ओने' म्हणतो आणि आतून 'रेस्पे' असं उत्तर येतं. मान आणि आदर. बोकोर दारात येऊन 'ओने' म्हणतो आणि आतून उत्तर येत नाही, इथे तुमचा पहिला काटा उभा राहतो.

शेत मात्र आपल्याकडचं चालतं, ऊस तिथलाही उसासारखाच. कोल्हापूर-सांगलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फड माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो, काही जातींना तुरेही येतात. जागा ठरवताना शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारा. पाण्याची पाळी कधी आहे? शूटिंगच्या आधी चार दिवस फडाला पाणी दिलेलं नको, नाहीतर ट्रायपॉड रुततो आणि सऱ्यांत चालणारा कलाकार घसरतो. आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आहे का? असेल तर नेमक्या शांत शॉटमध्ये शेजारची मोटर सुरू होते, आणि तो आवाज नंतर काढता येत नाही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसात बिबट्या असतो. तिथे रात्रीचं शूटिंग नकोच. फड कुठलाही असो, टोळीतल्या सगळ्यांना पूर्ण बाह्या आणि पायांत बूट हवेत. उसाची पात कापते आणि कुस अंगात शिरते. अनवाणी पाय दाखवायचे असतील तर ते क्लोजअप झाडून घेतलेल्या बांधावर वेगळे घ्या.

फ्रेममधून काय काढायचं ते आधी दिवसा बघून ठेवा : विजेचे खांब, ठिबकच्या नळ्या, बाभळी. एखादं मोठं झाड हवं असेल तर पांढरी सावर शोधा. हैतीत जे झाड पवित्र मानतात, ज्याला तिथे मापू म्हणतात, ते हेच. हत्यारही बदला. आपला कोयता पुढे वाकलेला, हैतीतला मशेट सरळ आणि रुंद पात्याचा. सहा मिलिमीटर प्लायवूडमधून बावीस इंचांचं पातं कापा, कडा गोल घासा, आधी काळा आणि वर कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवा. खरं धारदार हत्यार एकाही शॉटला नको. अंधारात, बधिर चेहऱ्याने, सलग दहा वेळा हात फिरवताना अंतराचा अंदाज चुकतोच.

आणि गावाला सांगा. रात्री शेतात ढोल, जमिनीवर पिठाच्या आकृत्या, राखाडी तोंडाची माणसं, हे बघून कुणालाही नरबळीचा संशय येईल. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामुळे तक्रार आली की पोलिसांना यावंच लागतं. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटा, ठाण्यात तारखांसह पत्र द्या, संहितेची प्रत सेटवर ठेवा. आणि अमावस्या टाळा. कोंबडं-बकरं दाखवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, प्राण्याच्या चित्रीकरणाला पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. गोष्टीला त्याची गरजही नाही.

रात्र

लांबचे शॉट खऱ्या रात्री घ्यायचे तर अख्खा फड उजळावा लागतो, तेवढे दिवे लघुपटात परवडत नाहीत. ते दिवसा घ्या आणि रात्र करा. सूर्य उतरता आणि कॅमेऱ्याच्या समोर तिरपा हवा, म्हणजे पातींच्या कडा चमकतात आणि चेहरे सावलीत राहतात. एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे एक चतुर्थांश उजेड. आभाळ फ्रेमबाहेर ठेवा. थोडं येणारच असेल तर रंगीत चित्रीकरण करून नंतर कृष्णधवल करताना लाल चॅनेल वापरा, निळं आभाळ काळवंडतं. ढगाळ दिवशी हे साधत नाही, कारण पांढऱ्या आभाळावर कुठल्याच चॅनेलचा परिणाम होत नाही. दुपारच्या पायाशी पडणाऱ्या आखूड सावल्या आणि फ्रेममधून उडणारे बगळे या दोन गोष्टी रात्र लगेच खोटी पाडतात.

जवळचे शॉट खऱ्या रात्री. दोनशे वॉटचा एक दिवा फडाच्या मागे, बारा-पंधरा फूट उंचीवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून. चेहऱ्यावर समोरून उजेड नको. पांढऱ्या थर्माकोलवरून परतलेला, तोही मागच्या दिव्यापेक्षा दोन-तीन स्टॉप कमी. कॅमेरा २५ फ्रेम्स, शटर १/५०. आपली वीज पन्नास हर्ट्झची असल्याने गावातला एखादा बल्ब फ्रेममध्ये आला तरी लुकलुकत नाही. धुराचं यंत्र उघड्यावर वाऱ्याने फुकट जातं. ते सरीच्या आत, जमिनीलगत ठेवा आणि वारा पडल्यावर, साधारण पहाटे, वापरा. जनरेटर किमान दोनशे फुटांवर, मध्ये फड येईल असा.

चेहरा

पांढरा रंग विसरा. गडद त्वचेवर पांढरा थर दिला की कॅमेऱ्यात चेहरा नाही, मुखवटा दिसतो आणि मानेपाशी रेघ उमटते. मध्यम राखाडी रंगाचा, पाण्यात कालवायचा केक मेकअप घ्या. किंचित ओल्या स्पंजाने थोपटत एकच पातळ थर. घासला की पट्टे उमटतात. खालची त्वचा थोडी दिसत राहिली पाहिजे. कान, पापण्या, मान आणि हात सुटू देऊ नका. टोळीच्या दृश्यांत चेहऱ्यापेक्षा हातच जास्त वेळ दिसतात.

गालफडं, कानशिलं आणि डोळ्यांच्या खोबणी विटकरी लाल रंगाने आत ढकला. इथे सवयीने काळा वापरला जातो आणि सगळा खेळ बिघडतो. का, ते मिठाच्या शॉटमध्ये.

कपाळावर आणि जबड्यावर सुकलेली, तडकलेली त्वचा हवी असेल तर दोन चमचे मुलतानी माती, एक चमचा पाणी, ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब. पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग कलाकाराला तोंड वेडंवाकडं करायला सांगा. जिथे त्वचा खरोखर हलते तिथेच तडे जातात. ग्लिसरीन जास्त झालं तर तडे जात नाहीत, अजिबात घातलं नाही तर पापुद्रे गळून शर्टावर पडतात. दोन तासांनी थर परत द्यावा लागतो. लिक्विड लेटेक्सने, म्हणजे पातळ रबराने, परिणाम जास्त टिकतो, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. आदल्या दिवशी मनगटाच्या आत लावून चोवीस तास बघा, भुवया-दाढीवर आधी व्हॅसलीन लावा, डोळ्यांजवळ नेऊच नका. पाच जणांच्या टोळीला मुलतानीच पुरते.

पांढऱ्या बुबुळांच्या लेन्स ऑनलाइन स्वस्त मिळतात आणि तिथेच धोका आहे. नेत्रतज्ज्ञाने मापून न दिलेली लेन्स, वर शेतातली धूळ, म्हणजे बुबुळाला जखम ठरलेली. त्यापेक्षा उजेड किंचित वरून आणा, खोबणीत सावली पडेल, आणि कलाकाराला न मिटणाऱ्या नजरेची सवय करा. आठ सेकंद पापणी न हलवणं बहुतेकांना जमतं; शॉट तेवढाच ठेवा.

नाकपुड्यांतला कापूस प्रेताचा. तो बॅरन सामदीच्या, म्हणजे स्मशानाच्या धन्याच्या, वेशातही असतो. म्हणून तो दफनाच्या दृश्यातच ठेवा. बोळ्याला दोरा बांधा आणि दोरा गालामागे चिकटवा, म्हणजे श्वासाबरोबर कापूस आत ओढला जाणार नाही. अंगावरची माती म्हणून खरी माती नको. कॉफीची भुकटी आणि मुलतानी कोरडी मिसळून ब्रशने मारा.

कपड्यांचं एक बारीक सूत्र आहे. थडग्यातून काढलेला माणूस पुरतानाच्या चांगल्या कपड्यांत असणार. टोळीतल्या एकाच्या अंगावर तरी उसवलेला कोट ठेवा, खांद्यावर सँडपेपरने झिजवलेला. ऊस तोडणारा कोटातला माणूस संवादाशिवाय सगळं सांगून जातो.

चाल

हात पुढे करून चालणारा झॉम्बी ताबडतोब घरी पाठवा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला पन्नास ठोक्यांवर लावा, एका ठोक्याला एक पाऊल. टाच आधी नाही, सगळा तळवा एकदम. हात हलत नाहीत, कोपरं थोडी वाकलेली, मूठ मशेटच्या मुठीएवढी अर्धवट मिटलेली, हातात काही नसलं तरी. नजर पंधरा-वीस फुटांवर जमिनीवर.

वळणं सगळ्यात महत्त्वाचं. जिवंत माणूस वळताना आधी डोळे वळतात, मग मान, मग खांदे, शेवटी पाय. झॉम्बीत हा क्रम उलटा करा : आधी पाय, मग धड, आणि मान अगदी शेवटी. प्रेक्षकाला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण बिघडलंय हे कळतं. हुकूम मिळाल्यावर दोन ठोके थांबून हालचाल. आणि काम मात्र चोख. घाम पुसणं नाही, खाजवणं नाही, डास हाकलणं नाही. डासांसाठी मलम मेकअपच्या आधी, अर्धा तास आधी लावा. वरून लावलं तर राखाडी थर विरघळतो.

टोळी एका तालात हलली की कवायत वाटते, म्हणून प्रत्येकाला अर्धा ठोका मागे-पुढे सुरू करा. १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी'मध्ये साखरेच्या गिरणीतलं एक दृश्य आहे : झॉम्बी चरक फिरवतायत, एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो, आणि बाकीचे थांबत नाहीत. ना रक्त, ना किंकाळी. भीती त्या न थांबण्यात आहे. तुमच्या फडात एकाला पाडा, आणि दुसऱ्याला त्याच्या अंगावरून पुढची मोळी उचलू द्या.

मिठाचा शॉट

लघुपटाचा कणा हाच, यासाठी एक पूर्ण रात्र राखून ठेवा आणि शेतात नाही, खोलीत घ्या.

झॉम्बी खातो. चव लागते. आणि एकाच अखंड शॉटमध्ये, कट न करता, त्याच्या चेहऱ्यावर मरण उमटतं. संगणकाची गरज नाही. १९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्ये रंगीत फिल्टर सरकवून हे केलं होतं, आज एक आरजीबी, म्हणजे उजेडाचा रंग बदलता येणारा, एलईडी पुरतो. तत्त्व साधं आहे. राखाडी बेसवर लाल रंगाने काढलेल्या खोबणी आणि सुरकुत्या लाल उजेडात जवळजवळ दिसत नाहीत, कारण लाल रंग आणि राखाडी बेस दोन्ही तो उजेड सारखाच परतवतात. तोच उजेड हिरवा केला की लाल रंग तो शोषून घेतो, आणि त्याच रेषा काळ्या होऊन वर येतात. कृष्णधवल पडद्यावर प्रेक्षकाला उजेड बदललेला कळत नाही, फक्त चेहरा बदललेला दिसतो.

म्हणून शेडिंग काळं नको. काळा रंग दोन्ही उजेडांत काळाच. आणि म्हणूनच बेस राखाडी हवा. गडद त्वचा हिरवा उजेड फारसा परतवत नाही, त्यामुळे थेट त्वचेवर लाल काढलं तर दोन्ही काळपट राहतात आणि रेषा उठतच नाहीत.

करताना असं करा. दिवा एकच वापरा, दोन नकोत. दोन ठिकाणांहून उजेड आला की सावली सरकते आणि युक्ती पकडली जाते. खोलीत दुसरा कुठलाही उजेड नाही, मोबाइलचासुद्धा. मागे काळं कापड. अंगावर पांढरा किंवा राखाडी शर्ट, कारण रंगीत कापडाचाही उजळपणा बदलतो. भांडं जस्ताचं किंवा लाकडी. आधी कलाकाराच्या जागी राखाडी कार्ड धरा, लाल उजेडात वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजळपणाच्या आलेखावर, त्याची पातळी बघा, मग हिरव्यात तीच पातळी येईल इतकी दिव्याची ताकद कमी-जास्त करा. हे न करता बदल केला की चेहऱ्याबरोबर अख्खी फ्रेम उजळते किंवा विझते. निळा उजेड वापरावासा वाटेल, रेषा त्यातही उठतात, पण सेन्सरवर हिरव्याचे पिक्सेल निळ्याच्या दुप्पट असतात आणि निळ्यात चित्र फार दाणेदार येतं. कृष्णधवल करताना तिन्ही चॅनेल समान ठेवा.

बदलाला चार-पाच सेकंद द्या. काही स्वस्त दिवे मधले टप्पे सलग न घेता उड्या मारत जातात. ते आदल्या दिवशीच तपासा. चाचणी आरशात बघून नाही, कॅमेऱ्यात रेकॉर्ड करून कृष्णधवल करूनच.

आता अभिनय. ताटात मक्याची लापशी आणि उकडलेली केळी, म्हणजे भाजीची. त्याआधी मीठ टाकणाऱ्या हाताचा क्लोजअप : बारीक मीठ कॅमेऱ्यात दिसतच नाही, खडे मीठ घ्या आणि एका बाजूने उजेड द्या. खडे लाकडी चमच्यावर पडल्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. झॉम्बी पहिला घास नेहमीसारखा खातो. दुसऱ्या घासाला जबडा मध्येच थांबतो. इथे कलाकार 'करायला' लागतो, डोळे मोठे, तोंड उघडं, आणि सगळं वाया जातं. त्याला एकच सूचना द्या : घास गिळू नकोस. बाकीचं उजेड करतो. रेषा पूर्ण वर आल्यावर पहिली पापणी मिटते, अख्ख्या फिल्ममधली त्याची पहिली.

वेवे आणि ढोल

विधीचं दृश्य एकच ठेवा आणि थोडक्यात आटपा. जागा म्हणजे पेरिस्तिल, छपराखालची मोकळी जागा, मध्ये खांब. त्या खांबाला पोतो मितां म्हणतात. देवता, म्हणजे लोआ, त्याच्यावाटे उतरतात अशी श्रद्धा आहे. खांबाभोवती मक्याच्या पिठाने वेवे, म्हणजे लोआच्या खुणेची आकृती, काढतात. चिमटीतून पीठ सोडायची पद्धत रांगोळीचीच, त्यामुळे टीममध्ये रांगोळी काढणारा हात असेल तर तासाभरात जमतं. पाच फुटी आकृतीला किलोभर पीठ लागतं. जमीन आधी शिंपडून, दाबून, पूर्ण सुकू द्या. ओलसर राहिली तर पीठ भिजून रेषा पिवळट आणि पुसट होते. रांगोळीची पूड वापरू नका, कॅमेऱ्यात ती फार पांढरी येते.

प्रत्येक लोआचा वेवे वेगळा, मिसळाल तर जाणकार हसेल. सुरुवातीला वाट उघडणारा लेग्बा. स्मशानाच्या दृश्यात बॅरन सामदी, त्याच्या आकृतीत थडग्यावरचा क्रूस आणि दोन बाजूंना शवपेट्या. बॅरनच्या परवानगीशिवाय थडग्यातून कुणाला काढता येत नाही अशी समजूत आहे, म्हणून बोकोरला आधी त्याच्या क्रूसापाशी जाऊ द्या. काळा आणि जांभळा हे त्याचे रंग, कृष्णधवलमध्ये दोन्ही काळेच. वेवे नाचणाऱ्यांच्या पायांखाली पुसला जातो, आणि ते विधीला धरूनच आहे. पण म्हणूनच अख्ख्या आकृतीचे शॉट आधी उरकून घ्या.

ढोल-ताशा नको, जेंबे या आफ्रिकी ढोलाचे तयार लूपही नकोत. व्हूडूच्या 'राडा' नावाच्या परंपरेत तीन ढोल असतात : मानमान सगळ्यात मोठा, मग सेगों, आणि एकसुरी धरून ठेवणारा बुला. वर ओगान, लोखंडावर लोखंड. कुदळीचं पातं आणि मोठा खिळा यांनी तो मिळतो. तिन्ही वेगळे रेकॉर्ड करा. मोठा ढोल मध्येच ताल मोडतो, त्या मोडण्यावर अंगात येणं जोडलेलं असतं. कट तिथे ठेवा.

थडगं

हैतीत बरीच थडगी जमिनीच्या वर बांधलेली, चुना दिलेली असतात. हे तुमच्या फायद्याचं आहे, खणायला नको. बारा मिलिमीटर प्लायवूडचा सहा बाय अडीच फुटांचा खोका, पुढची बाजू सुटी, वर थर्माकोलच्या विटा आणि चुना. फोडायची बाजू नुसत्या थर्माकोलची, आतून कापून ठेवलेली.

माती पडण्याचा शॉट हवाच असेल तर कलाकाराला कधीही खरोखर पुरू नका. ओल्या मातीचा अर्ध्या फुटाचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास जातो, छाती उचलत नाही. चेहऱ्यावर पडणारी माती म्हणजे चाळलेलं कोरडं कोकोपीट, आणि कलाकार टेबलावरच्या तीन बाजूंच्या पेटीत. पेटीच्या आतले शॉट तिथेच होतात, चौथी बाजू कॅमेऱ्याची. एक माणूस फक्त त्याच्या हाताकडे बघायला ठेवा. हात वर आला की कुणी काही न विचारता झाकण काढायचं.

प्रेत झॉम्बी होऊ नये म्हणून हैतीत घरचे जे करत त्यातलं एखादं दाखवा. बोकोरने हाक मारली तर ओ देता येऊ नये म्हणून प्रेताचे ओठ शिवणं, किंवा शवपेटीत मूठभर तीळ टाकणं, म्हणजे मेलेला ते मोजत बसेल. तिळाचा शॉट स्वस्त आहे आणि ओठांच्या शॉटपेक्षा जास्त छळतो.

आवाज

पार्श्वसंगीत शक्य तितकं टाळा. १९४३ च्या 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'मध्ये उसातून चालत जाण्याचा लांब प्रसंग संवादांशिवाय, वाऱ्याच्या आवाजावर उभा आहे. तो एकदा डोळे मिटून ऐका. फडात प्रत्येक जागी, सगळे गप्प असताना, दोन-दोन मिनिटं नुसती पात रेकॉर्ड करा. माइकला केसाळ आवरण हवंच, नाहीतर पातीऐवजी वाऱ्याची घरघर येते. कलाकाराच्या पावलांचे आवाज नंतर वेगळे भरा : वाळलेलं पाचट पसरून त्यावर अनवाणी पाय, तळवा एकदम टेकवत, त्याच पन्नास ठोक्यांवर.

दूरच्या ढोलाला वरच्या वारंवारता कापून टाका, आठशे हर्ट्झच्या वरचं सगळं. बाहेर शेतातून ऐकल्यासारखा तो लागतो. बारा मिनिटांत ढोल एकदाच पूर्ण थांबवा, मीठ जिभेवर पडतं तेव्हा. पण तिथेही कोरी शांतता ठेवू नका. साउंडट्रॅक रिकामा असला की प्रेक्षकाला स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. खोलीत रेकॉर्ड केलेली रिकामी हवा त्याखाली चालू राहू द्या, आणि मिक्सिंग झाल्यावर एकदा स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून बघा. मोठ्या ढोलाचा खालचा घुमारा तिथे गायब होतो. तसं झालं तर ओगानचा आवाज थोडा वर काढा.